कानातली वायर

सेंदाई शहरातला बँडचा कार्यक्रम संपला तशा फुसाएकाकू ओनिगिरींचा, म्हणजे भाताच्या मुटक्यांचा डबा घेऊन रंगपटात शिरल्या. बँडचा ड्रमर असलेल्या त्यांच्या मुलाला, रेंजीला, जाऊन वर्ष झालं होतं. त्याच्या जागी आता दुसराच मुलगा वाजवायचा, पण पोरांना खाऊ नेणं काकूंनी सोडलं नव्हतं. आज मात्र डबा त्यांनी टेबलावर आपटलाच.

"कानामे, लाज नाही वाटत? सगळ्यांच्या कानांत वायरी! टेप ऐकून वाजवता ना आता? 'आमचं सगळं आम्हीच वाजवतो, टेप लावायची वेळ आली तर बँड बंद करू,' असं रेंजी टीव्हीवर छातीठोक सांगायचा. आज असता तर एकेकाला ड्रमच्या काठीने बडवलं असतं त्याने!"

"टेप आहे, काकू," गिटार खाली ठेवत कानामे म्हणाला. "पण वाजवतो आम्हीच. नव्या पोराला सगळं जमतं हो. फक्त गाणं सुरू करताना आकडे त्याने मोजले की आमचे हातच उठत नाहीत. म्हणून जुन्या रेकॉर्डिंगमधून तेवढेच कापून घेतलेत."

"कसले आकडे? मला काही शिकवू नकोस!"

कानामेने स्वतःच्या कानातलं यंत्र काढलं, हलकेच काकूंच्या कानात बसवलं आणि बटण दाबलं.

"एक, दोन, तीन, चार!"

काकूंनी बटण स्वतःच पुन्हा एकदा दाबलं.



मग हळूच म्हणाल्या, "सर्दी झाली होती रे त्याला तेव्हा. मला बोलला नाही."