उचकीची गोळी

वरणात भिजवलेली पोळीही छातीत अडकली, तशा मंदाताई घोटभर पाणी प्यायल्या. लगेच उचकी लागली आणि त्यांचा चेहरा खुलला. रिकाम्या घरात त्या एकेक नाव घेऊ लागल्या. बहिणीचं घेतलं, भाचीचं घेतलं, उचकी हटेना. "श्रीरंग," म्हणताच थांबली. परदेशातल्या लेकानेच आठवण काढली होती!

पुढे पोळी सुटली, भातही उतरेना. उचक्या मात्र वाढल्या.

"अन्ननलिकेचा कॅन्सर, तिसरी स्टेज," डॉक्टर म्हणाले. "उचक्यासुद्धा त्याच्याच. चार महिने दुखणं अंगावर का काढलंत, आजी?"

"मला वाटलं, मुलगा आठवण काढतोय."

घरी आल्यावर त्यांनी सगळी औषधं नेमाने सुरू केली. उचकीची गोळी तेवढी डब्यातच राहू दिली.