अर्व्हिलचं बोट

सतराव्या स्पर्धकाने करंगळीशेजारचे बोट दुमडून रबरबँडने तळव्याशी बांधले, तेव्हा पहिल्या रांगेत बसलेल्या व्हर्नी रॅटलिफने उघड उघड जांभई दिली. कुणी हसले नाही. ती अर्व्हिलची बायको. बंबखान्याच्या त्या हॉलमध्ये तिच्या जांभईलाही मान होता.

अर्व्हिलला जाऊन एकवीस वर्षे झाली होती. दर ऑगस्टमध्ये गावातले आगीचे बंब बाहेर उन्हात उभे करायचे, त्यांच्या जागी खुर्च्या मांडायच्या, आणि येईल त्याने अर्व्हिलची एकच धून गिटारवर वाजवायची, हुबेहूब त्याच्यासारखी. जिंकणाऱ्याने अर्व्हिलची गिटार वर्षभर घरी न्यायची. त्याच्या डाव्या हाताचे ते बोट तरुणपणीच लाकूड कापायच्या सॉ मिलमध्ये तुटले होते, म्हणून इतरांनीही ते बांधूनच वाजवायचे असा नियम. धून ऐन रंगात येते तिथे एक जागा रिकामी जायची. शहरातून आलेली शहाणी माणसे नेमकी तिथेच डोळे मिटून माना डोलवायची.

पडलेल्या दाताकडे जीभ जावी तसे व्हर्नीचे मन त्या जागेकडे जाई. तिथे एक सूर होता. लग्नाआधी, दहाही बोटे शाबूत असताना, अर्व्हिलने तिच्या वडिलांच्या ओसरीवर बसून तिच्यासाठी ही धून बांधली होती. तेव्हा ती अख्खी होती. ज्यांनी ती तशी ऐकली ते सगळे आता टेकडीवरच्या दफनभूमीत होते, आणि व्हर्नी एकटी उरली होती. बोट गेल्यावर अर्व्हिल तेवढा सूर तोंडाने गुणगुणायचा. पुढे रेकॉर्ड काढणारे आले. त्यांनी सांगितले, तोंड मिटून वाजवा. बिचारा मिटून वाजवू लागला. घरी मात्र तो शेवटपर्यंत गुणगुणला.

जेवणाच्या सुट्टीत एक चाळिशीची बाई घेवडा आणि मक्याच्या पावाची ताटली घेऊन व्हर्नीपाशी आली. जोसी तिचे नाव. ओहायोहून सात तास गाडी हाकत आली होती.

"व्हर्नीमावशी, याला एकदा आशीर्वादाचा हात लावा," तिने रबरबँड बांधलेले बोट पुढे केले. "दोन वर्षं दुसरी आले. यंदा मला ती गिटार न्यायचीच आहे. बाबा इथलेच माझे, मिल बंद पडल्यावर तिकडे गेले. आता अंथरुणालाच खिळलेत. एकदा त्यांच्या मांडीवर ठेवीन म्हणते."

व्हर्नीने बोट हातात घेतले. टोक पांढरे पडले होते. "दुखत नाही का गं?"

"दुखतं की. पण अर्व्हिलकाका असंच वाजवायचे ना."

"त्याला होतं का बोट? असतं तर असं बांधून ठेवलं असतं होय त्यानं?" व्हर्नी उसळली. "चाळीस वर्षं त्या एका सुरासाठी झुरला माझा माणूस. आणि तुम्ही धडधाकट हातापायांची माणसं नेमका तोच गाळता, आणि वर माना हलवता!"

जोसीने ताटली शेजारच्या खुर्चीवर ठेवली.

"मला एकदा ऐकायचाय गं," व्हर्नीचा आवाज उतरला. "चौऱ्याऐंशी झाली मला. पुढच्या ऑगस्टचं कुणी सांगावं?"

"मावशी, बाद करतील ते मला."

"करतीलच." व्हर्नीने तिचे बोट सोडले. "जाऊ दे, म्हातारीचं काय मनावर घेतेस. जेव. घेवडा गार होतोय."

दुपारी जोसीची पाळी आली. ती चांगली वाजवत होती, आतापर्यंतच्या सगळ्यांपेक्षा चांगली. परीक्षकांची तोंडे खुलली. धून रंगात आली आणि ती जागा रिकामी गेली.

व्हर्नीने काही ठरवले नव्हते. तिच्या घशातून तो सूर आपोआप बाहेर पडला, बारीक, चिरका. मागच्या रांगेतून कुणीतरी "श्श" केले. एका परीक्षकाने शेजारच्याच्या कानात सांगितले, "वय झालंय त्यांचं." धून फिरून त्या जागेवर आली, आणि व्हर्नी पुन्हा गुणगुणली. आता मोठ्याने. लाज वाटत होती तिला, पण थांबवत नव्हते.

जोसीने वाजवणे थांबवले.

तिने व्हर्नीकडे पाहिले, मग परीक्षकांच्या मागे टेबलावर ठेवलेल्या त्या जुन्या गिटारकडे. तिथून नजर काढायला तिला जरा वेळच लागला. मग तिने दातांनी रबरबँड ओढून काढला, पांढरे पडलेले बोट दोनदा उघडमीट केले आणि धून पहिल्यापासून धरली. मधल्या परीक्षकाने समोरच्या कागदावर तिच्या नावावर आडवी रेघ ओढली आणि पेन्सिल खाली ठेवली.

जोसी वाजवत राहिली. धून चढत गेली, वळली, त्या जागेपाशी आली. व्हर्नीने सवयीने तोंड उघडले.

सूर गिटारमधून आला.

तिने तोंड मिटून घेतले.