उपरण्याखालचा भाव

"टॅबलेटसंगं पेन येनार का न्हाई, ते आधी सांग," मुंजाजींनी काउंटरवर काठी आडवी ठेवत विचारलं.

"येईल म्हनून राहिले, काका. पन त्याचे पैसे वेगळे पडतील, असंबी म्हनून राहिले," सुरज म्हणाला.

"म्हनून राहिले, म्हनून राहिले! गेल्या बाजाराला सिम न्हाई म्हनत व्हते, आज सिम हाय. माल कोनी डोळ्यानं बघितला न्हाई अन् भाव सांगायला समदे पुढं!"

वारंगा फाट्यावरच्या सुरजच्या मोबाइलच्या दुकानात दर बाजाराला हेच चालायचं. डोंगरकड्याचे मुंजाजी मेंढरं राखणारे. त्यांची अंजली नर्सिंगच्या प्रवेश परीक्षेचा अभ्यास करत होती. मेंढरांमागं फिरताना फोनच्या एवढ्याशा पडद्यावर डोळे बारीक करून धडे बघायची. तिला टॅबलेट हवा होता. दुकानात होता तो पाटाएवढा, खांद्याच्या पिशवीत मावायचा नाही. कंपनी लवकरच लहान टॅबलेट आणणार अशी बातमी होती. व्हिडिओवाले कोणी वीस हजार सांगत, कोणी पंधरा. बॅटरी दिवसभर पुरेल म्हणत, तर कोणी दुपारीच संपेल म्हणत.

मुंजाजींना तोंडी भाव करायचं ठाऊक नव्हतं. बकऱ्यांच्या बाजारात दोघांच्या हातांवर उपरणं टाकतात आणि त्याखाली बोटं दाबून भाव ठरवतात. सौदा बघ्यांना कळत नाही. मुंजाजींनी तीच रीत इथं आणली. जो माल अजून आलाच नव्हता, त्याच्यासाठी ते सुरजची बोटं दाबत. सुरजही दाबायला शिकला. फाट्यावरची माणसं पोट धरून हसायची. हसेनात का.

मध्येच मुंजाजी उठायचे. "च्या पिऊन येतो. तवर पोरीला नीट समजावून सांग," म्हणायचे आणि तिकडंच कुणाशी तरी गप्पा हाणत बसायचे. परत येताना पायरीवर काठी आपटायचे. मेंढरं हाकणाऱ्याची सवय, दुसरं काय.

खरं तर टॅबलेट हे निमित्त होतं. सुरज आणि अंजली कॉलेजपासूनचे. लग्न करायचं तर एकमेकांशीच, हे त्यांचं ठरलेलं होतं. पण सुरज तिच्या समाजातला नव्हता आणि घरी हे बोलायची सोय नव्हती. म्हणून तो दर बाजाराला नवी बातमी काढायचा. "आता घेऊ नका, काका. पुढच्या महिन्यात भाव पडंल." दारी आलेलं गिऱ्हाईक असं परतवणारा दुकानदार फाट्यावर दुसरा नव्हता. बापाला आपण फसवतोय, हे अंजलीला लागायचं. तरी ती यायचीच.

मग तिच्या चुलत्यानं, शिवहारनं, शिरड शहापूरचं स्थळ आणलं.

"मी पाटावर बसनार न्हाई," अंजली म्हणाली.

"तुला कोन इचारलं?" शिवहार गरजला. "दादा, हिला आवर. मागची दोन स्थळं तू टॅबलेटपायी परत लावली. लेकराचं शिक्षन, लेकराचं शिक्षन. लोक तोंडात शेन घालून राहिले."

मुंजाजींनी शांतपणे तंबाखू मळली. "टॅबलेट येऊ दे. ज्या दिवशी येईल, त्याच दिवशी पोरीचं पक्कं करतो. शबूद हाय माझा."

त्या दिवसापासून अंजलीला टॅबलेटची धास्ती बसली. जगात कुणी नव्या मालाला इतकं घाबरलं नसेल. कंपनीनं तारीख पुढं ढकलली की तिला जेवण गोड लागायचं.

पण माल आला. सुरजनं लपवायचं मनात आणलं होतं, तर फाट्यावरच्या दुसऱ्या दुकानदारानं दारात पाटीच लावली. शिवहारला कळायला वेळ लागला नाही. भावाला आणि पुतणीला घेऊन तो स्वतः दुकानात आला. "घे एकदाचा. शिरडवाले रातच्याला फोन करनार हायेत."

काउंटरवर खोकं होतं. पेन नव्हतं. सिम होतं. भाव वीसच्या आत होता. व्हिडिओवाले निम्मे खरे ठरले, निम्मे खोटे. सुरजचा चेहरा उतरलेला होता.

अंजलीनं खोकं मागं सारलं.

"आबा, मला टॅबलेट नको. शिरडला मी जानार न्हाई. घरातून काढलं तरी चालंल. दुसऱ्याच्या नावानं मी कुंकू लावनार न्हाई."

"दुसऱ्याच्या म्हंजी? मंग पयला कोन?" शिवहार ओरडला. "ऐकलं का दादा? तुझ्याच लाडानं डोक्यावर बसली ही!"

सुरज पुढं झाला. "काका, मी सांगतो..."

"गप!" मुंजाजींनी काठी आपटली. "सौदा चालू हाय. मधी कोनी बोलायचं न्हाई. हात आन."

त्यांनी खांद्यावरचं उपरणं काढून काउंटरवर पसरलं. सुरजनं मान खाली घालून नेहमीसारखा हात आत सारला. मुंजाजींनी अंजलीचं बांगड्या भरलेलं मनगट गच्च पकडलं. आता आबा आपल्याला ओढत घरी नेणार, असं तिला वाटलं. रडायचं नाही, एवढंच तिनं ठरवलं.

"कितीला ठरला सौदा?" शिवहारनं विचारलं.

"माझा शबूद व्हता, शिवहार. टॅबलेट आला, आज पक्कं केलं."

सुरजनं दचकून वर बघितलं. मुंजाजींचे दोन्ही हात काठीवर होते, आणि उपरण्याखाली त्याच्या हातात काचेच्या बांगड्या किणकिणत होत्या.