दक्षिणेच्या बांधावरचा उंबर

जयवंताबाई तांब्या घेऊन घराबाहेर पडल्या आणि माळाच्या बांधावर थबकल्या. काल तिन्हीसांजेपर्यंत जिथं नुसतं गवत होतं, तिथं कमरेएवढा उंबर उभा होता. बुंध्याला लाल कापड, मुळाशी हळदीकुंकू, शेजारी फोडलेला नारळ.

बांधापलीकडं धाकटे दीर मानसिंग हात मागं बांधून उभे होते.

“वहिनी, उंबराला पाणी घालायला रोज पार कालव्यापर्यंत जाता. गुडघे दुखतात तुमचे. म्हटलं, हितंच सोय करावी. गुरुजींकडनं पूजाबी करून घेतली.”

आवाज तुपासारखा होता. डोळे मात्र हसत नव्हते.

जयवंताबाईंनी उंबराकडं पाहिलं, मग आपल्या मोकळ्या माळाकडं. बांध दक्षिणेचा. सोलर कंपनीच्या माणसानं बजावून सांगितलं होतं, या अंगाला वाढणारं झाड नको, थंडीत त्याची सावली थेट काचांवर येते. झाड दिसलं तर करार होणार नाही. तो माणूस उद्या शेवटची पाहणी करायला यायचा होता.

आणि त्यांना तो करार हवा होता. माळावर काचा लागल्या की मोटारीला दिवसा वीज मिळणार होती. उसात बिबट्या दिसल्यापासून मालक, बापूसाहेब, रात्री पाणी द्यायला गेले की त्या उंबऱ्यात जपमाळ घेऊन बसायच्या, आणि बॅटरीचा उजेड परत घराकडं वळेपर्यंत उठायच्या नाहीत.

दोघा भावांचं वैर साऱ्या लासुर्णे गावाला ठाऊक होतं. मानसिंगांचा यशराज समुद्राकाठच्या एका अणुवीज केंद्रात नोकरीला. डेअरीत दूध घालायला आलेल्यांना मानसिंग मोबाइलवर केंद्राचे फोटो दाखवून सांगायचे, काचा मांडून देश चालत नसतो, दिवस मावळला की यांचा खेळ खलास. अणूची भट्टी रात्रंदिवस चालते. त्यावर थोरले बापूसाहेब विचारायचे, मग तिची राख पुरायला तुझं अंगण देतोस का? एकदा तर त्यांनी चारचौघांत विचारलं, यशराज अंधारात चमकतो का रं? सगळी डेअरी हसली होती. त्याच आठवड्यात पणदऱ्याच्या पाहुण्यांनी यशराजच्या स्थळाला नकार कळवला होता. त्यांनाही भीती अणूच्या किरणांची, पुढं लेकराबाळांचं काय. तेव्हापासून भाऊ भावाशी बोलत नव्हता.

कुणीतरी सांगितलं असावं, बापूसाहेब कुऱ्हाड घेऊनच आले.

मानसिंगांनी खिशातला मोबाइल काढून समोर धरला. “तोडा की दादा. पूजेला लावलेला उंबर कोण तोडतंय, गावाला बघू द्या.”

बापूसाहेब पुढं झाले. जयवंताबाईंनी बुंध्यावर हात ठेवला.

“दत्ताचं झाड हाय. कुऱ्हाड लावायची न्हाय.”

“मग उद्या करार मोडला म्हणून समज. अगं, ह्यानं तुझ्या भोळेपणाचा फास केलाय, कळतंय का तुला?”

“कळतंय.”

त्यांनी तांब्यातलं पाणी मुळाशी ओतलं आणि ओठातल्या ओठात नाम घेत उंबराला प्रदक्षिणा घातल्या. तेवढा वेळ एका हातात कुऱ्हाड आणि दुसऱ्या हातात मोबाइल तसाच राहिला. मग पदर खोचून त्या म्हणाल्या, “अहो, ती कुऱ्हाड ठेवा. खोरं आणा.”

रोप कालचंच होतं, रोपवाटिकेतल्या पिशवीची माती मुळांना धरून होती. जयवंताबाईंनी झाडापुढं अक्षता ठेवल्या, क्षमा मागितली आणि बापूसाहेबांकडून ते मातीसकट अलगद उकरून घमेल्यात घेतलं. लाल कापडसुद्धा सुटू दिलं नाही. घमेलं कमरेवर घेऊन त्या चालू लागल्या. कुठं, ते नवऱ्यालाही सांगितलं नाही. मानसिंग मोबाइल खिशात घालून मागोमाग निघाले, वहिनींची पावलं आपल्याच घराकडं वळलेली बघून त्यांची चाल वाढली.

मानसिंगांचं घर नव्या स्लॅबचं. गच्चीवर अंघोळीच्या पाण्याचा सोलर बसवलेला, त्याची टाकी उन्हात चकाकत होती. जयवंताबाईंनी दक्षिणेच्या भिंतीलगत जागा बघितली आणि स्वतःच्या हातानं खड्डा घेतला.

धाकटी जाऊ स्वरूपा बाहेर आली. “आक्का, घराला चिकटून? मुळ्या भिंतीत शिरतात उंबराच्या.”

“दत्ताचं झाड हाय गं. भावजींनी हौसेनं आणलंय. दारात असू दे.”

मानसिंगांची नजर रोपावरून भिंतीवर गेली, भिंतीवरून गच्चीवरच्या टाकीवर. तिथं ती जरा थांबली.

“माझ्या पोराला नाकारलं, वहिनी. अन् दादा चार माणसांत हसत हुता.”

जयवंताबाईंचा मातीतला हात थांबला. “हसले, ते चुकलंच. त्यांच्या तोंडावर बोललेय मी. पण त्यापायी देवाला बांधावर बुजगावण्यासारखं उभं करायचं न्हाय.”

“मग आता तुमी काय करताय?”

“मी पाणी घालतेय,” त्या म्हणाल्या आणि रिकामा तांब्या स्वरूपापुढं धरला.

स्वरूपा जवळच्या नळाचं पाणी भरून आली. तांब्याच्या तोंडाला वाफ होती. जयवंताबाईंनी त्यात बोट बुडवलं आणि लगेच काढलं.

“हे गच्चीवरचं दिसतंय. झाडाला सोसायचं न्हाय. आजच्या दिवस हौदातलं गार आण.” मग दिराकडं वळून, नेहमीच्याच हळू आवाजात म्हणाल्या, “उद्यापासनं माझं मी आणीन, भावजी. रोज.”

मार्गशीर्षातलं ऊन तिरपं होतं. उंबराची इवलीशी सावली भिंतीच्या पायाला टेकली होती, आणि मानसिंग तिच्याकडं बघत उभे होते.