राजा कुणाला हवा?

"राजा आला की आधी तुमची पोरं जातील," वेशीतल्या दगडावर बसून मल्लूक म्हणाला. "मग चांगली चांगली जैतुनाची झाडं. मग मुली, त्याच्या मुदपाकखान्यात भाकरी भाजायला."

इस्राएलच्या या डोंगरातल्या गावांना मल्लूक पंचवीस वर्षं परमेश्वराचा शब्द सांगत आला होता. तंटेही तोच मिटवायचा. शेजारच्या सगळ्यांना राजे होते, यांना नव्हता. आता समुद्रकाठच्या पलिष्ट्यांच्या धाडी थोपवायला गावोगावचे वडीलधारे राजा मागत होते आणि मल्लूक त्यांना समजावत फिरत होता. इथं त्याचं बोलणं लागू पडत होतं. गावचा म्होरक्या यामीन आपल्या मळ्याकडे बघत दाढी खाजवू लागला.

"मग राहू दे म्हणावं का?" तो शेजाऱ्याला म्हणाला.

"बाबा, एक विचारू?" मागून आवाज आला. ती होग्ला होती. नवरा नव्हता. लोकांच्या कापणी झालेल्या शेतात सरवा वेचून ती आणि तिची लेक जगत होत्या.

"होग्ले, तुझं काय मधेच? ना शेत, ना झाड!" यामीन खेकसला.

"म्हणून तर विचारते. राजाच्या मुदपाकखान्यातल्या पोरींना रोज खायला मिळतं?"

माणसं खो खो हसली. मल्लूक हसला नाही.

"मिळतं," तो म्हणाला. "पण तुझी लेक घरी परत यायची नाही."

"थोरली गेल्या सुगीत पलिष्ट्यांनी नेली. ती तरी कुठं आली? तिला सोडवायला या वेशीतून कोण गेलं, तेवढं सांगा."

मल्लूकला या गावातले सगळे तंटे आठवत होते. बांधाचे, विहिरीचे, मेलेल्या बैलाचेसुद्धा. या मुलीबद्दल त्याच्यापुढं कुणी चकार शब्द काढला नव्हता. त्यानंही विचारलं नव्हतं. दर वर्षी यामीनकडे जेवून तो पुढच्या गावाला जायचा.

तो उठला.

"राजा शोधतो," तो म्हणाला.

यामीन चमकला. "आणि तुम्ही सांगितलंत ते? तो पोरी नेईल ते?"

"नेईलच."

"मग बाबा, तुमचं काय? न्यायनिवाडा तर राजाच करणार. तुमचं काम संपलं की!"

मल्लूकनं होग्लाकडे पाहिलं.

"हिनं आत्ता मला जाब विचारला ना," तो म्हणाला, "तसा त्याला विचारायला कुणीतरी लागेल."