तळातली फुली

सगुणाबाईंनी तिसऱ्यांदा नळीत डोकावून पाहिलं आणि मान हलवली. "फुली दिसत न्हाई. पाणी गढूळ हाय."

झरी गावाजवळच्या त्या वस्तीत पाणी तपासायचं काम बारा वर्षं त्यांच्याकडेच होतं. उभ्या नळीत पाणी ओतायचं आणि वरून बघायचं. तळाची काळी फुली दिसली तर पाणी नितळ, नाही तर गढूळ. नव्या बोअरचं पाणी वस्तीनं प्यावं की नाही, हे आज त्यांच्या एका शब्दावर ठरणार होतं.

"मावशी, मला तर चक्क दिसायलीय," मागून नळीत डोकावत कुणीतरी म्हणालं. आवाजावरून बाईंनी ओळखलं, बन्सीधर. बोअर त्यानंच पाडलं होतं.

लोक हसले. स्वतःच्या मालाला नावं कोण ठेवतो? दुसऱ्या कुणी नळीत बघायची तसदीही घेतली नाही. सगुणाबाई खोटं बोलत नाहीत, एवढं साऱ्यांना पुरेसं होतं. बन्सीधर पाय आपटत निघून गेला.

खात्रीसाठी नमुना परभणीच्या प्रयोगशाळेत गेला. दोन महिने बायका लांबच्या विहिरीवरून हंडे वाहत कुरकुरत राहिल्या. बाईंनी सगळं ऐकून घेतलं, पण बोअर चालू करू दिलं नाही.

अखेर अहवाल आला. त्या पाण्यात फ्लोराइड बेसुमार होतं. वर्षानुवर्षं प्यायलं असतं तर लेकरांची हाडं वाकली असती, असं आरोग्यसेविका नीलमनं सांगितलं. काल कुरकुरणाऱ्या बायका आज बाईंसाठी साडी घेऊन वस्तीतल्या बुद्धविहारासमोर जमल्या. त्यांच्यातल्या रेणुकानं आपलं तान्हं बाईंच्या मांडीवर ठेवलं. आयुष्याचं सोनं झालं असं बाईंना वाटलं.

तेवढ्यात बन्सीधर उठला. आता हा भांडणार, असं सगळ्यांना वाटलं. पण त्यानं हात जोडले.

"मावशी, माझी सोनूबी त्येच पाणी पिली असती. तुमचे उपकार फिटायचे न्हाईत." मग त्यानं नीलमच्या हातातल्या अहवालावर बोट ठेवलं. "ताई, खालची वळबी वाचा की."

नीलम अडखळली. मग तिनं हळू आवाजात वाचलं, "गढूळपणा अजिबात नाही. पाणी पूर्ण नितळ."

बन्सीधर बाईंजवळ येऊन बसला.

"मावशी, उद्या माझ्या गाडीवर परभणीला चला. तुमचे डोळे दाखवून येऊ."