बापाची कणगी

अयामगाने चढण्यासाठी खाचा पाडलेलं लाकूड कणगीला टेकवलं आणि अंगणातलं बोलणं बंद पडलं.

कणगी त्याच्या बापाची. माणसापेक्षा उंच, मातीची, वर गवताची टोपी. बाप असेपर्यंत थोरल्या मुलाने तिच्यात डोकावायचं नाही, ही इथली रीत. बाप गेला की घरातल्या म्हाताऱ्यांनी त्याला मनगटाला धरून वर चढवायचं, पूर्वजांना कोंबडीचं रक्त द्यायचं आणि आतलं दाखवायचं. मग घर त्याचं, कणगी त्याची. त्याआधी कुणी टोपीला हात लावला, तर पूर्वज त्याला सोडत नाहीत. पण अयामगाने ईस्टरला बाप्तिस्मा घेतला होता आणि रक्ताच्या विधीला तो उभा राहायला तयार नव्हता.

बाप गेला तेव्हा जमीन कोरडी होती, म्हणून हे घोंगडं भिजत पडलं. खायला आई माहेराहून काहीबाही आणत राहिली. आता जमीन ओली होती, शेजाऱ्यांची पेरणी उरकत आली होती आणि घरचं सगळं बियाणं कणगीत होतं.

अतुबिगा काका कडुलिंबाखाली बसले होते. बापाचे हे धाकटे भाऊ. शेजारी पाय बांधलेली कोंबडी, पुतण्याचं मन वळलंच तर असावी म्हणून आणलेली.

"शेवटचं विचारतो," काका म्हणाले. "एक कोंबडी, चार शब्द. शब्दही मीच बोलतो. तू नुसता उभा राहा. तुझ्या देवाचं काय जातंय?"

"नको, काका. मी शब्द दिलाय."

"अरे, तुझा देव वरून सगळं बघतो म्हणतोस ना? मग त्यालाच विचार की, आत बाजरी किती आहे!"

माणसं हसली. अयामगा हसला नाही, रागावलाही नाही. बाप गेल्यापासून त्याला काही होतच नव्हतं. मयतालाही तो रडला नव्हता. पाद्र्याने बुडवून काढला तेव्हा याचं रडूही पाण्यातच राहिलं, असं गाव म्हणालं, आणि त्यालाही ते खोटं वाटलं नाही. प्रार्थना तो रोज करी, न चुकता, रात्री दार लावून घ्यावं तशी.

"सायलस, चढ," पाळक असिएदू म्हणाले. त्याला बाप्तिस्मा देणारे पाद्री ते हेच, दक्षिणेकडचे. बाप्तिस्म्यातल्या नावाने त्याला हाक मारणारे ते एकटेच. "माती आणि दाणे, दुसरं काही नाही त्यात. प्रभूचा माणूस भीत नाही, हे आज गावाला दिसू दे."

आई रिकामी टोपली घेऊन उभी होती. ती कुणाच्याच बाजूने बोलली नाही. तिला पेरायचं होतं.

तो चढला. गवताची टोपी उचलून त्याने बाजूला सारली. आतून जुन्या बाजरीचा धुळकट वास आला, आणि त्याची मान वळली.

लहानपणापासून ती अशीच वळत आली होती. बापाने लाकडावर पाय ठेवला की हा खाली उभा राहून तोंड फिरवी. आज वर तो स्वतः होता, तरी मान वळली ती वळलीच. समोर शेजाऱ्यांची शेतं दिसत होती. बायका ओणव्याने दाणे टाकत चालल्या होत्या.

"बघ ना आत," पाळक खालून म्हणाले. "घाबरतोस कशाला?"

"घाबरलो नाही," अयामगा म्हणाला. ते खरं होतं.

तोंड तसंच शेताकडे ठेवून त्याने हात आत घातला. तो दंडापर्यंत गेला. दाण्यांच्या आधी बोटांना भोपळ्याचं वाडगं लागलं. कडेला तडा गेलेलं, दोऱ्याने शिवलेलं. रोज सकाळी बाप हेच भरून खाली उतरायचा. वाडग्यात मूठभर दाणे होते. उद्या पुन्हा लागेल म्हणून बापाने ते तिथेच ठेवलं होतं.

त्याची बोटं टाक्यांवरून फिरली. इतक्या दिवसांत पहिल्यांदा त्याला काहीतरी जाणवलं, आणि ते फार दुखलं.

त्याने वाडगं भरलं, न बघता बाहेर काढलं, न बघता आईच्या टोपलीत ओतलं. पुन्हा भरलं. काही दाणे आईच्या डोक्यावर सांडले. ती हलली नाही. टोपली काठोकाठ झाली तेव्हा तिने हात वर करून पुरे म्हटलं.

अंगणात आता कुणी हसत नव्हतं. काका उठले आणि कणगीच्या बुडाशी येऊन उभे राहिले. त्यांचा आवाज खाली आला होता.

"पोरा, कोंबडी राहू दे. विधी राहू दे. कणगी तर उघडलीसच, आता बघून घे. तोंड कोण फिरवतं? ज्याचा बाप जिवंत आहे, तो."

अयामगाने चाचपडत वाडगं होतं तिथेच परत ठेवलं. गवताची टोपी ओढून नीट बसवली.

"माहीत आहे, काका," तो म्हणाला, आणि शेताकडे बघत खाली उतरू लागला.